बिनमिठाची सुरमई

दिघी
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय साक्षी,
सप्रेम जयभीम.

तुझ्या आबांच्या, माझ्या दादाच्या, हृदयाची ताकद निम्म्याहून कमी झाली आहे. गेल्या आठवड्यात माणगावच्या डॉक्टर विनिता मॅडमनी मशीनवर तपासून हे नक्की सांगितलं. मी आणि तुझा भाऊ अजित, दोघेही समोर होतो. फोनवर तुला "जरा दम लागतो" एवढंच सांगितलं, कारण दादा फोन स्पीकरवर टाकून शेजारीच बसतो. म्हणून हे पत्र. यापुढे खरं ते पत्रात लिहीन. फोनवर आपण हवापाण्याचं बोलू.

मॅडमनी गोळ्या दिल्या आहेत. पाणी बेताने प्यायचं आणि मीठ जवळजवळ बंद. "मीठ खाल्लं की अंगात पाणी साठतं, पाणी साठलं की हृदय दमतं," असं त्यांनी मला चौथीच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. मी स्वतः जन्मभर शाळेत तेच केलं, त्यामुळे लगेच समजलं.

घरी येताच व्यवस्था लावली. दादासाठी एक लहान टोप, एक पळी आणि एक ताट वेगळं काढलं. आमच्या कालवणातला चमचा चुकूनही त्यात जायला नको. मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. त्याच दुपारी बांगड्याचं बिनमिठाचं कालवण करून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने टोपाकडे पाहिलं.

"ह्ये कोनाचं?"

"तुझं. आमच्यात मीठ आहे."

"मंग माजं येगळं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, दादा."

"मला भूक न्हाय गो," म्हणाला आणि उठून धक्क्यावर जाऊन बसला.

तेव्हापासून असंच चाललं आहे. चहा घेतो, कधी भाताची पेज घेतो. टोप समोर आलं की भूक नसते. अजित म्हणाला, "आबा, उपोषणाला बसलात तर मागण्या तरी कळवा." दादा हसला नाही. ज्याने जन्मभर फेरीबोटीची तिकिटं फाडली आणि प्रत्येक उतारूला टोला दिला, तो माणूस गप्प आहे.

मॅडमनी बजावलं आहे की पोटात अन्न नसेल तर नुसत्या गोळ्या काही करू शकणार नाहीत. तेव्हा सगळं त्याच्या खाण्यावर आहे. माशावर वाढलेली जीभ, तिला अळणी कसं चालेल? तू तिथे म्हाताऱ्या माणसांना भरवतेस. ती काय खातात, कशी खातात, ते मला सविस्तर लिही.

तुझी
सखूआत्या


याइझू, जपान
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

पत्र मिळालं. वृद्धाश्रमाच्या जिन्यात बसून वाचलं. रविवारी फोनवर आबा म्हणाले, "झ्याक हाय." मी म्हणाले, इथे थंडी वाढलीय. दोघांनीही छान निभावलं.

तू वेगळं टोप काढलंस ते अगदी बरोबर केलंस. इथे कामावर हीच पहिली शिकवण असते. प्रत्येक आजी-आजोबांचं ताट वेगळं, त्यावर नावाची चिठ्ठी आणि खाली आजार. हृदयाच्या रुग्णांच्या चिठ्ठीचा रंगही वेगळा. कोणालाही त्याचं काही वाटत नाही. तूही टोपावर आबांच्या नावाची चिठ्ठी लाव, म्हणजे घाईत भक्तीवहिनीची चूक होणार नाही.

आता चवीचं. आज पार्सल टाकते आहे. त्यात हिरव्या झाकणाची सोयासॉसची बाटली आहे. आजारी माणसांसाठी आमच्या स्वयंपाकघरात हीच वापरतात. काळी दिसते, घाबरू नकोस. सोबत वाळवलेल्या अळंब्या, तांदळाचं व्हिनेगर आणि तीळ आहेत. तीळ तिकडेही मिळतात, पण पाठवल्याशिवाय राहवलं नाही.

सुरमईच्या जाड तुकड्या घे. हळद-मीठ लावायचं नाही. फक्त फडक्याने कोरड्या पूस, कारण ओल्या तुकडीला रंग येत नाही. तवा चांगला तापू दे. थोडं तेल सोडून तुकडी ठेव आणि मग तिला हात लावू नकोस. कड सोनेरी दिसली की उलट. दुसरी बाजू झाली की आच मंद कर आणि रस वरून ओत. रस असा: बाटलीतला एक लहान चमचा, आल्याचा रस, लिंबू, गुळाचा खडा आणि अळंब्या भिजवलेलं पाणी. हा रस तव्यावर आटून तुकडीला चिकटतो आणि चकाकतो. वर भाजलेले तीळ टाक. इथले लोक याला तेरियाकी म्हणतात. गूळ माझा आहे, तो इथे कोणाला सांगायचा नाही.

कंटाळा आला तर बाटली बाजूला ठेव आणि नुसतं व्हिनेगर, आलं, लसूण आणि कुटलेले तीळ एकत्र करून गरम तुकडीवर घाल.

मला सुट्टी मार्चच्या शेवटी मिळेल असं म्हणतात. तोवर त्यांना खायला घाल, आत्या. मला येऊन त्यांना जेवताना पाहायचं आहे.

तुझी
साक्षी


दिघी
२४ डिसेंबर २०२४

प्रिय साक्षी,
जयभीम.

तुझे आबा जेवायला लागले. हे मी एकटी म्हणत नाही, अजित आणि भक्तीही साक्षीदार आहेत.

पार्सल आलं त्याच दिवशी प्रज्योतच्या होडीला चांगली सुरमई लागली होती. तुझं पत्र पुढ्यात ठेवून मी दादापुरत्या दोन तुकड्या करायला घेतल्या. रस तव्यावर पडला मात्र, वास ओटीपर्यंत गेला. भक्ती आत आली. "आत्या, जपानी जेवण काय फक्त आबांनाच? आम्ही काय पाप केलं?" मागोमाग अजितही. मग मोठा तवा काढला, उरलेल्या तुकड्याही त्यातच लावल्या आणि तवा मधोमध ठेवून चौघेही बसलो.

दादाने आधी तव्याकडे, मग आमच्या ताटांकडे पाहिलं. एक तुकडी उचलली. चावली.

"काय गो सखू, जपानात सुरमई गुळात पोवते काय?"

"आबा, पुढच्या खेपेला काड्या आणतो, जपानी लोकांसारखं खा," अजित म्हणाला.

"त्या काड्यांनी तू कान कोर."

आणि दुसरी तुकडी घेतली! भाताने तवा पुसून घेतला. मी मोरीवर जाऊन डोळ्यांवर पाणी मारलं.

त्यानंतर एकाआड एक दिवस हाच बेत असतो. कधी सुरमई, कधी रावस. लहान टोप काढावंच लागलं नाही. चौघांना रस लागतो म्हटल्यावर तुझी बाटली लवकर संपली. मी बोर्लीहून दुसरी आणली, चायनीजच्या गाडीवाले वापरतात ती मोठी. तुझ्या बाटलीपेक्षा जरा खारट लागली, पण ती त्या सोयाबीनचीच चव असणार. मिठाची बरणी फळीवरून खाली आलेली नाही. माशाला मिठाचा कण लावत नाही, हे तुला शपथेवर सांगते.

दादाचे पाय थोडे सुजल्यासारखे वाटतात. धक्क्यावर तासन्‌तास पाय खाली सोडून बसतो, दुसरं काय होणार? अजितचे मोजे त्याला घालायला दिले आहेत.

तुझ्या रसाने माणूस परत आणला, पोरी.

तुझी
सखूआत्या


याइझू
९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

आबांच्या छातीत भरलेलं पाणी उतरलं आणि परवा त्यांना दवाखान्यातून घरी सोडणार, असं अजितदादाने आज सकाळी कळवलं. त्यानंतर मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

तुझं पत्र वाचल्यावाचल्या फोन केला आणि तुझ्यावर ओरडले. मला माफ कर. चूक माझी अर्धी आहे, कदाचित अर्ध्याहून जास्त. सोयासॉस म्हणजे मीठच, हे मी पत्रात लिहिलंच नाही. हिरव्या झाकणाच्या बाटलीत ते कमी असतं, म्हणून ती आजाऱ्यांची. इथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून मला लिहायचं सुचलं नाही. तू मात्र मीठ म्हणजे बरणीतलं मीठ असंच धरून चाललीस. बोर्लीच्या बाटलीतले दोन मोठे चमचे म्हणजे आबांचं जवळपास दिवसभराचं मीठ.

पण आत्या, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुला कळलं नाही, हे मी समजू शकते. आबांना कळलं नसेल? कालवणात मीठ कणभर जास्त झालं तरी ताट सरकवणारा माणूस तो. त्यांना नक्की कळलं असणार. मिठाच्या लालचीने गप्प राहिले आणि आपल्या सगळ्यांना फसवलं. मला त्यांचा राग आला आहे. तो फोनवर दाखवता येत नाही.

आता दया नको. रस बंद. लहान टोप पुन्हा काढ. त्यावर चिठ्ठी लाव, मी मागेच सांगितलं होतं. रुसले तर रुसू देत. रुसलेले आबा चालतील.

साक्षी


दिघी
२२ जानेवारी

बाय साक्षी,
जयभीम.

तुजं पत्र सखूनं मला दावलं न्हाय. पन अजितच्या तोंडून निघालं, का तू म्हनतेस आबानं मिठाच्या लालचीनं फसवलं. म्हनून हातात पेन घेतला. फोनवर बोललो असतो, पन सखू दारात उभी असते.

रस खारट व्हता. तुज्या बाटलीला न्हाय कळलं, बोर्लीच्या बाटलीला कळलं. गप बसलो, ह्ये माजं चुकलं. तुमची समद्यांची धावपळ झाली. पन मिठासाटी गप बसलो न्हाय.

आमची आई दिवेआगरला एका वाडीत सुपाऱ्या सोलायला जायाची. मी संगं जायाचो. दुपारी च्या मिळायचा. आमची करवंटी भाईर कुडाच्या भिंतीत खोचलेली असायची. आई ती काडायची, धुवायची, म्होरं धरायची. वाडीवाले वरनं ओतायचे. पिऊन झालं का परत धुवायची आनि पालती खोचायची. मानसं वंगाळ न्हवती. सनाला नारळ द्यायची. पन करवंटी येगळी. मी एकदा आईला इचारलं, आपली येगळी का? आई सुपाऱ्या सोलत बसली. मंग एक दिस आमचा बा म्हनाला, आपन आता बुद्धाचे, कुडातलं काय प्यायाचं न्हाय. दुसऱ्या दिवसापासनं आई त्या वाडीवर गेली न्हाय. त्यानंतर लई दिस नुसती पेज खाल्ली आमी. पन एका टोपातली खाल्ली.

सखू तवा मांडीवर व्हती. तिला ह्यातलं ठावं न्हाय. तिनं मायेनं टोप येगळं केलं. माज्या डोक्याला समजतं. पन ते बारकं टोप म्होरं आलं का घास गिळवत न्हाय. आता ह्या वयात गळ्याला काय शिकवू?

सुरमई एका तव्यात व्हती. समदी त्यातलीच खात व्हती, म्हनून मीबी खाल्ली. मीठ नसतं तरी खाल्ली असती. त्या दिवशी मला बोलावंसं वाटलं, हसावंसं वाटलं. रस बंद झाला का परत टोप येनार, म्हनून गप बसलो.

सखूला ह्ये सांगू नको. मास्तरीन हाय, मनाला लावून घेईल.

आता टोप परत आलंय, तुज्या चिठ्ठीसकट. भिकू असं माजं नाव लिव्हलंय. सखूचं अक्षर लई चांगलं हाय.

तुजा
आबा


याइझू
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

इथल्या आमच्या डॉक्टरांशी बोलले. तुझा रक्तदाब आणि अजितदादाचं वाढतं वजन दोन्ही त्यांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, की अशा घरात दोन स्वयंपाक करू नयेत, सगळ्यांनीच मीठ सोडावं. तेव्हा माझं आधीचं सगळं रद्द समज. एकच टोप, एकच तवा. सगळ्यांचं बिनमिठाचं. सॉसची बाटली मात्र घरात नको, हिरव्या झाकणाचीसुद्धा नको. व्हिनेगर, आलं, लसूण, तीळ आणि अळंब्यांचं पाणी एवढ्यावर भागव. आधी बेचव लागेल. जीभ हळूहळू वळते, असं इथे म्हणतात. वहिनीला माझ्यातर्फे सॉरी सांग.

चिठ्ठी आजच काढून टाक, आत्या. मला ती लावायला सांगायचं नव्हतं. सांगितलं खरं, पण सांगायला नको होतं. आज कामावर ताटांवर चिठ्ठ्या लावताना माझा हात मध्येच थांबला आणि मुख्य बाईंनी दोनदा हाक मारली.

आबांवर रागावले होते, ते चुकीचं होतं. कारण मी आल्यावर त्यांनाच सांगेन.

सुट्टी आधीची मागितली आणि मिळाली. मार्चच्या पहिल्या दिवशी येते आहे. तोवर ते रोज थोडं तरी जेवले पाहिजेत. एवढं कर.

तुझी
साक्षी


दिघी
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय साक्षी,
सप्रेम जयभीम.

काल दुपारी दादाने सुरमईची अख्खी तुकडी आणि वाटीभर भात खाल्ला. हे भक्तीने पाहिलं. मी मुद्दाम त्याच्या ताटाकडे पाहत नाही. पाहिलं की त्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

मिठाची बरणी शेजारच्या रंगूला देऊन टाकली. आता एकच तवा असतो आणि त्यात कोणाच्याच तुकडीला मीठ नसतं. पहिले दोन-तीन बेत वाया गेले. व्हिनेगर जास्त झालं, तीळ करपले. मग मी त्यात कोथिंबीर आणि हिरवी मिरची वाटून घातली. आता ते जपानी उरलं नाही, पण खाता येतं. अजित म्हणाला, "आत्या, हे जेवण आहे की शिक्षा?" दादा म्हणाला, "गप खा. हृदय माजं, जीभ तुमची. वाटून घेऊ." अजित बंदरावर कामाला गेला की भजी खातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरी मात्र आमच्यासारखंच खातो.

तू लिहिलेलं रक्तदाबाचं कारण मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चांगलं कारण आहे. दादाने मान डोलावली.

पण तुझं पत्र येण्याच्या आधीच मी चिठ्ठी काढली होती. का, ते तुला सांगते. त्याला सांगू नकोस.

चिठ्ठी लावलेलं टोप मी समोर ठेवलं, त्या दिवशी तो जेवला नाही. रागावलाही नाही. उठला, त्यातलं कालवण मांजराला घातलं, टोप स्वच्छ धुतलं आणि बाहेरच्या खिडकीच्या गजांत पालथं खोचून ठेवलं. मग हात पुसत धक्क्याकडे गेला. मी ओट्याशी उभी राहून ते टोप पाहत राहिले. आमची आई असंच करायची, साक्षी. धुवायची आणि पालथं खोचायची.

जुन्या दिवसांचा विषय निघाला की दादा नेहमी म्हणतो, सखू तेव्हा मांडीवर होती. मी मांडीवर नव्हते. चालत होते, आईचा पदर धरून. कुडातल्या त्या करवंटीला माझा हात पोहोचत नव्हता, म्हणून दादा मला ती काढून द्यायचा. हे मला जन्मभर आठवत आलं आहे. शाळेत पाण्याच्या माठाजवळ कधी दोन पेले ठेवू दिले नाहीत, ते यामुळेच. आणि माझ्याच घरात, माझ्याच भावासाठी, मी टोप वेगळं काढलं आणि त्यावर नाव घातलं. आजारपणाच्या घाईत मला फक्त मीठ दिसलं.

मला आठवत नाही असं त्याला वाटतं, ते त्याला तसंच वाटू दे. त्याने एवढी वर्षं माझ्यासाठी जपलं आहे.

आता पुढचं. शनिवारी, १ मार्चला अजित तुला विमानतळावरून घेईल. आगरदांड्याहून फेरीबोटीने या. दादा धक्क्यावर येणार म्हणून अडून बसला आहे. त्याला सावलीत खुर्ची द्यायला तिथल्या पोरांना सांगितलं आहे. प्रज्योतला सुरमईचं बोलून ठेवलं आहे. मिळाली तर तुकड्या तू पूस, तवाही तूच लाव. आम्ही चौघे बसून राहू.

सोमवारी, ३ तारखेला मॅडम दादाला काट्यावर उभं करणार आहेत. वजन वाढलं तर पाणी पुन्हा भरलं असं धरायचं. उतरलं तर खाणं कमी पडलं. त्या म्हणाल्या, काटा आज आहे तिथेच राहिला तर पुढचा महिनाभर त्याला घरी राहू देतील.

तुझी
सखूआत्या